मूर्खपणाला मंजुरी द्या

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात, बेनराथ भागातल्या एका वृद्धनिवासासमोर बसथांबा उभारलेला आहे. खांब आहे, पिवळ्या वर्तुळात हिरवं अक्षर असलेली पाटी आहे, बसायला बाक आहे. बस मात्र तिथे कधीच येत नाही. आत राहणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घराची ओढ लागते. मुलं शाळेतून येतील, नवरा कामावरून येईल, आपण घरी असायला हवं, असं त्यांना खरोखर वाटतं आणि ती बाहेर पडतात. थांबा नव्हता तेव्हा अशांना शोधायला पोलिसांना बोलवावं लागे. आता ती बाकावर येऊन बसतात. सेविका शेजारी बसते, दोन शब्द बोलते. थोड्या वेळाने ओढ ओसरते आणि दोघी कॉफी प्यायला आत जातात.

व्यवहाराच्या वहीत या थांब्याची नोंद मूर्खपणा म्हणूनच होणार. मार्ग नाही, गाडी नाही, प्रवासी नाही, तिकिटाचं उत्पन्न नाही. असा प्रस्ताव आपल्या एखाद्या तालुक्यातून वर गेला, तर पहिल्याच टेबलावर त्याच्यावर लाल शेरा पडेल. मला या मूर्खपणाचं मनापासून कौतुक आहे. अल्झायमरसाठी सरकारने करायचं नियोजन म्हणजे अशाच मूर्खपणांची एकामागून एक मंजुरी असते. ज्या देशांनी आणि राज्यांनी तो धीर केला, त्यांच्याच हातून या आजारापुढे काही घडलं. महाराष्ट्रानेही तो करावा, हे मला सांगायचं आहे.

हिशेबी माणसाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण तिच्यात खोटं काही नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत आपल्या एका रुग्ण बाईची हकिकत सांगितली, त्याला शंभरावर वर्षं झाली. आजार बरा करणारं औषध अजून नाही. अलीकडची इंजेक्शनं अगदी सुरुवातीच्या अवस्थेत घसरण थोडी मंदावतात, ती महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव तर होत नाही ना, हे पाहायला वारंवार एमआरआय करावा लागतो. रुग्ण अनेक वर्षं जगतो आणि दरवर्षी त्याला अधिक मदत लागते. पोलिओचे थेंब पाजले की रोग हटल्याचा आकडा मिळतो. मोतीबिंदू काढला की पट्टी सोडतानाचा फोटो मिळतो. इथे पैसा वाढत जातो आणि रुग्ण खालावत जातो. कोणी मदत केली हे त्याला स्वतःला आठवणारही नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते आणि या कामाचं फळ दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात. वित्त विभागातला जाणकार अधिकारी ही फाइल गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतो, तेव्हा तो दुष्टपणा करत नसतो. त्याच्या गणितात ती तिथेच बसते.

हे गणित ज्यांना लागू पडतं ती माणसं किती आहेत, तेही बघू. साठीच्या पुढच्या भारतीयांची घरोघर जाऊन तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यानुसार साठीच्या पुढच्या शंभर माणसांपैकी सात ते आठ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. देशभरात मिळून सुमारे ८८ लाख. २०३६ साली ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. डिमेन्शियाच्या रुग्णांत सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा असतो. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जास्त आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. कोथरूड-दादरच्या सुखवस्तू म्हाताऱ्यांचा हा आजार, ही समजूत म्हणून सोडून द्यायला हवी. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळपास बारा माणसं साठीच्या पुढची आहेत. पाटण, भोकरदन, अक्कलकुवा इथल्या घरांतही ती माणसं आहेत. फक्त तिथे कोणी त्याला आजार म्हणत नाही. वय झालं म्हणतात, चळ लागला म्हणतात, म्हातारी मुद्दाम करते म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१७ मध्ये डिमेन्शियासाठी कृती आराखडा मंजूर केला. २०२५ पर्यंत किमान ७५ टक्के देशांनी, म्हणजे १४६ देशांनी, या आजाराचं राष्ट्रीय धोरण किंवा आराखडा करायचा असं ठरलं होतं. ते लक्ष्य गाठलं गेलं नाही, मुदत पुढे वाढवावी लागली. भारताचाही स्वतंत्र राष्ट्रीय आराखडा झालेला नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याहून जुना आहे, आणि दोन्हींत या रुग्णांना कुठेतरी जागा आहे. पण कुठेतरी असलेली जागा बहुधा रिकामीच राहते. वृद्धांचा दवाखाना रुग्णाला मानसोपचाराकडे धाडतो, मानसोपचाराचा दवाखाना मेंदूच्या डॉक्टरांकडे, आणि मेंदूचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज भेटत नाहीत.

आता मूर्खपणा करणाऱ्यांकडे वळतो.

जपानने २००५ साली ठरवलं की ज्यांचा वैद्यकाशी काही संबंध नाही अशा लोकांना डिमेन्शिया शिकवायचा. न्हावी, किराणा दुकानदार, बँकेतले कारकून, बसचालक, शाळकरी मुलं. शिकवणी नव्वद मिनिटांची. ती संपली की हातात घालायला नारिंगी कडं मिळे. पगार नाही, पद नाही, परीक्षाही नाही. दीड तासात माणूस काय शिकणार, असा प्रश्न कोणीही विचारील. तो एवढंच शिकतो की तीच भाजी चौथ्यांदा घ्यायला आलेल्या आजीला हिणवायचं नाही, आणि चप्पल न घालता स्टेशनवर उभ्या असलेल्या आजोबांना हाक मारून बसवायचं. या शिकवणीतून गेलेल्यांची संख्या आज दीड कोटीच्या घरात आहे. त्या देशात २०२३ या एका वर्षात डिमेन्शिया असलेल्या १९ हजारांहून अधिक माणसांच्या हरवल्याच्या नोंदी पोलिसांत झाल्या. अशांना ओळखणारं कुणीतरी रस्त्यावर असावं, म्हणून ही शिकवणी. त्याआधी, २००० साली, जपानने चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाकडून दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता घ्यायला सुरुवात केली होती. चाळिशीतला धडधाकट माणूस आपल्या ऐंशीतल्या विसराळूपणासाठी आज पैसे भरतो, तेही कायद्याने. अशी गोष्ट लोकांना पटवणं कुठल्याही पुढाऱ्याला जड जाईल. त्यांनी ती पटवली. २०२३ मध्ये तर त्यांनी डिमेन्शियाचा वेगळा कायदाच केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

दक्षिण कोरियाने २०१७ मध्ये डिमेन्शिया ही राष्ट्राची जबाबदारी असल्याचं जाहीर केलं आणि प्रत्येक स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत एक, अशी २५६ केंद्रं उभी केली. अमेरिकेत ओबामांनी जानेवारी २०११ मध्ये ज्या कायद्यावर सही केली, त्यातून निघालेल्या आराखड्याने लक्ष्य ठेवलं की २०२५ पर्यंत अल्झायमरला रोखायचं आणि परिणामकारक उपचार शोधायचे. तारीख ठरवून मेंदूचं कोडं सुटत नसतं. ते सुटलंही नाही. पण तारीख लिहिली गेल्यामुळे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा या आजारावरच्या संशोधनाचा वार्षिक खर्च ५० कोटी डॉलरच्या आतून ३५० कोटींच्या वर गेला. अशक्य तारीख लिहिण्याचं धाडस झालं नसतं तर तो पैसा आला नसता. ज्या राज्याच्या दप्तरी तारीखच नाही, त्याचं काहीच चुकत नाही आणि त्याच्या हातून काही होतही नाही.

परदेशाची उदाहरणं दिली की लगेच उत्तर येतं: ते श्रीमंत, आपण गरीब. म्हणून गोव्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

जगातल्या डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी दोनतृतीयांश विकसनशील देशांत राहतात आणि संशोधनातला दहावा हिस्साही त्यांच्यासाठी होत नाही, या विषमतेवरून एका आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने आपलं नावच १०/६६ ठेवलं. त्या गटाशी जोडलेल्या डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. त्यात ८१ कुटुंबं होती. प्रयोगाचा कणा म्हणजे गावातल्याच बारावीपर्यंत शिकलेल्या बायका. त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं आणि घरोघर पाठवलं. पंधरा दिवसांतून किमान एकदा, असं सहा महिने त्या त्या घरी जात. समाजकार्याची पदवी नाही, परिचारिकेचं शिक्षण नाही. मेंदूच्या आजारावर एका आठवड्याच्या शिकवणीवर माणसं धाडायची, हे वाचून कुठलीही तज्ज्ञ समिती कपाळाला आठ्या घालील.

त्या बायका काय करत? ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेला त्या समजावून सांगत की हा हट्ट नाही, आजार आहे. आंघोळीला नकार दिला तर जबरदस्ती करण्याऐवजी तासाभराने पुन्हा विचारा. रात्री उठून दार उघडतात तर दुपारी झोपू देऊ नका. जेवूनही जेवण मागतात तर वाद घालू नका. गरज वाटली तर त्या मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवून आणत. सरकारच्या कुठल्या योजनेत काय मिळतं तेही सांगत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, त्या ऐकून घेत. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं होतं, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रास कमी झाला होता. रुग्ण बरे झाले नाहीत आणि तसं कोणी म्हटलंही नव्हतं. घर मात्र सावरलं.

कोकणी-मराठी बोलणाऱ्या घरांत, आपल्या सिंधुदुर्गाला लागून असलेल्या भूमीवर हे सिद्ध झालं. महाराष्ट्राच्या गावोगाव आशा सेविका आहेत. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार आझाद मैदानात बसावं लागतं, तेव्हा हेही काम त्यांच्याच डोक्यावर फुकट टाकावं असं मी म्हणणार नाही. या कामासाठी वेगळी बाई नेमावी, तिला नीट पगार द्यावा आणि वेळेवर द्यावा. रस्त्याच्या एका किलोमीटरला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात अशा किती जणी वर्षभर काम करतील, हा हिशेब अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनीच करून पाहावा.

केरळने हा मूर्खपणा सरकारी पातळीवर केला. डॉ. जेकब रॉय कुरियाकोस नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी, स्वतःच्या वडिलांचा आजार पाहिल्यानंतर, १९९२ साली तिथे रुग्ण आणि कुटुंबांसाठी संस्था सुरू केली. तिचा २०१० सालचा अहवाल देशातल्या रुग्णांचा पहिला ठसठशीत आकडा घेऊन केंद्राकडे गेला: ३७ लाख. २०१४ मध्ये केरळ सरकारने या संस्थेच्या साथीने राज्याचा डिमेन्शिया उपक्रम सुरू केला. दिवसभर रुग्ण सांभाळणारी आणि कायम ठेवून घेणारी अशी केंद्रं सरकारी पैशाने चालू झाली. ती मोजकीच होती आणि आजही गरजेच्या मानाने थोडी आहेत. तरी ज्या राज्याने एक केंद्र उघडलं त्याला दुसऱ्याची मागणी ऐकावी लागते. उघडलंच नाही तर मागणी कशाची करायची, हेच लोकांना ठाऊक नसतं.

आपल्याकडचं नेहमीचं उत्तर असं की आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, सरकारने यात पडायचं कारण नाही. भक्कम म्हणजे कोण, ते नीट बघावं. जगभर डिमेन्शियाच्या रुग्णांच्या शुश्रूषेचे ७० टक्के तास बायका भरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ती कुटुंबव्यवस्था म्हणजे सून, लेक किंवा स्वतः सत्तरीला आलेली बायको. तिची नोकरी सुटते, तिची झोप जाते, तिचा रक्तदाब वाढतो, तिला माहेरच्या लग्नाला जाता येत नाही. रत्नागिरीच्या गावांत मुलगा मुंबईला असतो, पुण्याच्या फ्लॅटमधला मुलगा सिअॅटलला असतो. दोघेही फोन करतात, आणि फोनवर आई पाच मिनिटं अगदी व्यवस्थित बोलते. मग मुलाला वाटतं, सांभाळणारी उगाच वाढवून सांगते. या आजारात सांभाळणाऱ्या बाईचा शब्द खोटा पडतो, हे तिच्या वाट्याचं सर्वांत मोठं दुःख आहे. सरकारी दवाखान्याने निदानाचा एक कागद हातात दिला, तरी तिचं अर्धं ओझं हलकं होईल.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत घरापासून दूर जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको, अमृता सुभाष यांनी उभी केलेली. तिला ते कोण, कुठले, हे माहीत नाही. तिच्या घरात खाणाऱ्या तोंडांनाच पुरेसं नाही. तरी ती त्या म्हाताऱ्याला लेकरू मानून भरवते. व्यवहाराने पाहिलं तर तिने त्यांना पोलीसचौकीत नेऊन सोडायला हवं होतं. ती जे करते ते सरकारला प्रेमाने करता येणार नाही, हे मान्य. पण सरकारला ते पैशाने, माणसांनी आणि नियमांनी करता येतं. तेवढ्यासाठीच आपण त्याला कर देतो.

नियमांबद्दल एक गोष्ट फार कमी घरांना वेळेवर कळते. वडिलांनी शुद्धीत असताना मुलाच्या नावे साधं मुखत्यारपत्र करून दिलेलं असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, करून देणाऱ्याची बुद्धी ढळली की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते निकामी होतं. औषधाला, बाईच्या पगाराला पैसे हवेत, ते बँकेत वडिलांच्याच नावावर आहेत, आणि काढता येत नाहीत. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. सिरोंच्यातल्या शेतकऱ्याने नागपूरच्या खंडपीठात वकील द्यायचा, आईच्या चार एकरांसाठी. हे अधिकार जिल्हा पातळीवर आणणारा सुटसुटीत कायदा हवा. आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आता सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आहे, ते चांगलंच झालं; मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतं, आणि हा आजार बहुतेक काळ घरातल्या खोलीत काढावा लागतो. वृद्धापकाळाच्या राष्ट्रीय पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी अजून महिना २०० रुपये आहे. तेवढ्यात डायपरचं एक पाकीटही धड येत नाही.

आणखी एका मूर्खपणाची आठवण इथे काढायलाच हवी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की चौदा कारणांवर आयुष्यभर काम केलं तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकेल. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हवेचं प्रदूषण, एकटेपणा, अधू दृष्टी अशी ती कारणं आहेत. लहानपणी शाळा न मिळणं हे त्यांतलं एक. आज भारतातल्या म्हाताऱ्या बायकांत हा आजार जास्त दिसतो, त्याचं एक मोठं कारण त्यांना कोणी शाळेत पाठवलं नाही, हे आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांना तेव्हाच्या शहाण्या पुण्याने वेडं ठरवलं होतं. त्यांच्यामागून जी मुलगी शाळेत गेली तिच्या मेंदूला ऐंशीव्या वर्षी त्याचा आधार मिळाला, हे विज्ञानाने आज दाखवलं. साठीच्या माणसाला कानाचं यंत्र देणं, पंचेचाळिशीतल्या रिक्षाचालकाचा रक्तदाब मोजणं, नववीतल्या मुलीची शाळा सुटू न देणं, हेही अल्झायमरचंच नियोजन आहे. त्याचं श्रेय आजच्या कुठल्याही मंत्र्याला मिळणार नाही. तरीही ते करणाऱ्या मंत्र्याला मी डोक्यावर घेईन.

म्हणून महाराष्ट्र सरकारला माझी विनंती आहे की या राज्याचा डिमेन्शिया आराखडा करा, त्याला स्वतःचं लेखाशीर्ष द्या आणि त्यावर तारीख लिहा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस स्मरणशक्तीच्या तपासणीला द्या. प्रत्येक तालुक्यात दिवसभर रुग्ण सांभाळणारं एक केंद्र काढा, म्हणजे सुनेला आठवड्यातून दोन दिवस तरी बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे जाता येईल. गोव्याच्या त्या बायकांसारखी एक घरभेट देणारी बाई प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला नेमा. पोलीस शिपायांना आणि एसटीच्या वाहकांना नव्वद मिनिटं बसवून शिकवा.

आणि वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि विचारा, स्मृतिभ्रंशाची तपासणी कोणत्या वारी असते. वार सांगितला तर शेजारच्या घरांना कळवा. नसते असं उत्तर आलं तर ते लिहून घ्या, तारीख टाका आणि तो कागद तुमच्या आमदाराच्या हातात अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी द्या.